अळणी ताट

१

पाण्यात उतरण्याआधी व्हर्निस क्वाशी प्रत्येक पाहुण्याच्या सिलिंडरचे पट्टे स्वतःच्या हाताने ओढून बघायची. पाहुणा कितीही मुरलेला असो, खांदा, छाती, कंबर हा क्रम काही चुकायचा नाही. शाळेला निघालेल्या पोराची बटणं आई तपासते, तशी ती तपासायची. बार्बाडोसहून दरवर्षी कॅरियाकू बेटावर बुड्या मारायला येणाऱ्या क्लबातल्या मंडळींना त्याची इतकी सवय झाली होती, की ती दिसली की हात आपोआप वर जायचे.

"जरा हळू गं बाई," मॉर्टिमर म्हणाला. हा पेशाने दंतवैद्य आणि क्लबाचा म्होरक्या. "पोट सुटलंय हे साऱ्या कॅरियाकूला कळायला नको."

"कॅरियाकूला गेल्या वर्षीच कळलंय," व्हर्निस म्हणाली आणि पट्टा आणखी आवळला.

मग खुणा. पाण्याखाली तोंडात नळी असते, बोलता येत नाही, सगळा कारभार हातांचा. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला की 'ठीक आहे ना?' आणि उत्तरही तोच गोल, 'ठीक आहे, चालू दे'. वर उभा केलेला अंगठा म्हणजे मात्र शाबासकी नव्हे. तो म्हणजे 'वर चला'. तो कुणीही कुणालाही दाखवावा, आणि ज्याला दाखवला त्याने वाद न घालता उलट अंगठा दाखवून वर निघावं. हे सगळं सांगताना पूर्वी तिचा धाकटा भाऊ डेन्झिल मागे उभा राहून नकला करायचा. व्हर्निस पुढे पोहणार, डेन्झिल सगळ्यांच्या मागे, अशी दोघांची वाटणी होती. सगळे बोटीकडे वर जाणाऱ्या दोराला लागले की व्हर्निस शेवटचा अंगठा डेन्झिलला दाखवायची. त्याआधी मागच्या माणसाने तळ सोडायचा नाही, हा दोघांचा कायदा.

"ही बया अंगठा दाखवायला विसरली ना," डेन्झिल पाहुण्यांना सांगायचा, "तर मी तिथेच बसून राहीन. मासे पाळीन, भाडं घेईन त्यांच्याकडून."

दोन वर्षांपूर्वी पाण्याखालच्या उभ्या कड्यापाशी एक पाहुणा पडलेल्या कॅमेऱ्यामागे खोल खोल गेला. डेन्झिलने व्हर्निसला अंगठा दाखवला, बाकीच्यांना घेऊन वर जा म्हणून, आणि स्वतः खाली गेला. तिने वाद घातला नाही. थोड्या वेळाने तो पाहुणा वर आला. त्याला खालून कुणीतरी ढकललं होतं. डेन्झिल आलाच नाही. मासेमारांनी आठवडाभर समुद्र विंचरला, त्याच्या पायातली पोहण्याची एक फिनसुद्धा हाती लागली नाही.

त्यानंतर मागे पोहायला दुसरा माणूस घेऊ, असं रिसॉर्टच्या मालकाने सुचवलं. व्हर्निस नको म्हणाली. सवय मात्र गेली नाही. प्रत्येक बुडीत एकदा तरी ती मागे वळायची आणि शेवटच्या पाहुण्याच्याही पलीकडे, रिकाम्या निळ्या पाण्याकडे बघून गोल करायची. ठीक आहे ना? मग स्वतःचीच लाज वाटून पुढे निघायची.

२

गुरुवारच्या बुडीनंतर बोट परत निघाली होती. मिसेस ग्रिफिथ टॉवेल गुंडाळून व्हर्निसशेजारी येऊन बसल्या. निवृत्त शिक्षिका, नवरा गेल्यावर पोहायला शिकलेल्या, आणि संथ. त्या नेहमी सगळ्यांच्या शेवटी असायच्या.

"तुमच्या त्या मागच्या मुलाला माझे आभार सांग हं," त्या म्हणाल्या.

"कुठल्या मुलाला?"

"अगं, मागे असतो तो. माझा वजनांचा पट्टा घसरत होता. बिचाऱ्याने मागून येऊन आवळून दिला. आणि काय हुशार! एक बुडबुडा सोडत नव्हता. नाहीतर मी, सोडावॉटरची बाटली!"

व्हर्निस हसली. पाण्याखाली चेहरे ओळखू येत नाहीत, मास्कमध्ये सगळे सारखे. तिने मॉर्टिमरला विचारलं.

"मी? मी त्यांच्या पुढे होतो," तो म्हणाला. "आणि मी बायकांच्या कमरेचे पट्टे आवळत फिरलो, तर आमची ही मला इथेच बुडवेल."

त्याची ही तिथेच बसली होती. "बुडवायला तू आधी बुडायला हवास. तू तर बुचासारखा तरंगतोस," ती म्हणाली, आणि सगळी बोट हसली.

व्हर्निसने मिसेस ग्रिफिथचा पट्टा सोडवायला घेतला. त्याचं मोकळं टोक दोनदा दुमडून आतल्या बाजूला खोचलेलं होतं. तसं खोचणारा माणूस तिने आयुष्यात एकच पाहिला होता. पण तोही शेवटी पट्टाच, तिने मनाला बजावलं. दुमडायच्या किती तऱ्हा असणार?

३

घरात शिरताना तिला बाजूने शिरावं लागलं, कारण पुढच्या खोलीच्या मधोमध दगड ठेवलेला होता. ग्रेनाडाहून आलेला, पांढऱ्या चादरीखाली झाकलेला. रविवारी तो डेन्झिलच्या थडग्यावर बसायचा होता. थडग्यात काहीच नव्हतं, पण कॅरियाकूत दगड बसल्याशिवाय मेलेला माणूस सुटत नाही. घरच्यांची ऐपत होईपर्यंत, मन होईपर्यंत, तो कुठेतरी ताटकळत राहतो. दगडाच्या दिवशी सगळ्या गावाला जेवण आणि आदल्या संध्याकाळी त्याच्यासाठी वेगळं ताट.

मिस आयोना, व्हर्निसची आई, दगडाशेजारी बसून भेंड्या चिरत होती.

"मम्मी," व्हर्निस म्हणाली, "थोडं थांबू या का?"

सुरी थांबली. "दोन वर्षं मी म्हणत होते, पाण्याने माझं लेकरू परत दिल्याशिवाय दगड नाही. तेव्हा तू काय म्हणालीस? मम्मी, लोक नावं ठेवतात. मम्मी, त्याला मोकळं कर. आता दगड घरात आला, गावाला बोलावणी गेली, ढोलवाले ठरले, आणि थांबू या? तुझं डोकं पाण्यात विरघळलंय का गं?"

"तसं नाही."

"मग कसं?"

व्हर्निस खाली बसून भेंड्या गोळा करू लागली. आईने पुन्हा सुरी उचलली. मग एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाली, "मला एकाच गोष्टीचं वाईट वाटतं. ताट अळणी असतं. मेलेल्यांना मीठ चालत नाही. आणि याला तर मिठाशिवाय घास उतरायचा नाही. आठवतं? मी वाढायच्या आधीच मिठाची बरणी काखेत."

"तू मारायचीस त्याला."

"मारायचे," मिस आयोना म्हणाली. "आता त्याला अळणी वाढू?" आणि तिला रडू फुटलं.

४

शुक्रवारी पाणी स्वच्छ होतं. प्रवाळाच्या उतारावर मंडळी पांगली, तेव्हा व्हर्निसने हातातली लोखंडी कडी आपल्या सिलिंडरवर आपटली. टण् टण् टण्. म्हणजे सगळे इकडे या. पाण्याखाली हाक मारायची ही एकच रीत.

मंडळी वळली. आणि उत्तर आलं.

टण्. मग जराशी उसंत. मग टण् टण्.

पाण्याखालच्या आवाजाला दिशा नसते. तो डावीकडून येत नाही की उजवीकडून येत नाही, डोक्याच्या आतच वाजल्यासारखा वाटतो. व्हर्निसने एकेक माणूस न्याहाळला. कुणाच्या हातात कडी नव्हती. बोटीची साखळी वाजली असेल. वरून दुसरी एखादी बोट गेली असेल. पण एक, उसंत आणि दोन हे डेन्झिलचं उत्तर होतं. लहानपणी आई जेवायला हाक मारायची तेव्हा अंगणातल्या पिंपावर तो असंच वाजवायचा. आलो, आलो-आलो.

ती वळली. मिसेस ग्रिफिथच्या मागे निळं पाणी होतं, त्याच्या मागे आणखी निळं, आणि पुढे नजर नुसतीच विरून जात होती. तिने गोल करून दाखवला. ठीक आहे ना?

दिसलं काहीच नाही. पण आयुष्यात कधी झाला नव्हता इतका आनंद तिला त्या क्षणी झाला. मास्कच्या आत डोळे भरून आले, आणि मास्कमध्ये डोळे पुसता येत नाहीत. तो इथे होता. रोज येता येईल, रोज वळून बघता येईल. मग कशाला हवा तो दगड?

५

तो आनंद बोटीवर चढेपर्यंतच टिकला. मिसेस ग्रिफिथच्या मनगटावरच्या घड्याळात बुडीची खोली नोंदली जायची. व्हर्निसने सवयीने बघितली आणि पुन्हा एकदा नीट बघितली. बाकीचे सगळे उताराच्या वरच्या अंगाला होते. मिसेस ग्रिफिथ कड्याच्या कितीतरी खाली जाऊन आल्या होत्या.

तिने त्यांना बाजूला घेतलं. "तुम्ही खाली का गेलात? किती खोल गेलात, माहीत आहे?"

"रागावू नकोस," त्या ओशाळून म्हणाल्या. "त्याने माझा हात धरला."

"कुणी?"

"त्याच मुलाने. एक फिन पिवळी, एक काळी."

डेन्झिलची एक फिन वादळात वाहून गेली तेव्हा त्याने दुसऱ्या जोडीतली काळी घातली होती, आणि गावाने त्याला त्यावरून सळो की पळो करून सोडलं होतं. 'अर्धा पोपट' म्हणायचे त्याला. या बाई तेव्हा कॅरियाकूला कधी आल्याच नव्हत्या.

"तो तुम्हाला खाली ओढत होता?" तिने कसंबसं विचारलं. गेल्या दोन दिवसांत ज्याच्यावर तिचा जीव नव्याने जडला, त्याचंच आता तिला भय वाटत होतं. पाण्यात इतका काळ एकटं राहिलेल्याचं काय होतं, कुणी बघितलंय? त्याला सोबत हवी असेल तर?

"नाही गं!" मिसेस ग्रिफिथ म्हणाल्या. "मीच त्याला वर आणत होते. दमलेला वाटला मला. हात इतका जड, इतका गार. मी अंगठा दाखवला, चल वर. तर नाही म्हणून मान हलवली आणि तुझ्याकडे बोट केलं. मी ओढत राहिले, पण तो काही हलेना, मीच खाली जायला लागले. मग त्यानेच माझी बोटं एकेक करून सोडवली आणि मला वर ढकललं."

"माझ्याकडे बोट केलं?"

"हो. तू लांब पुढे होतीस. वळून त्याला गोल करून दाखवलास ना, ते बघत होता तो."

संध्याकाळी सगळी मंडळी तळलेल्या बेक रोट्या आणि लॅम्बी शंखाच्या मांसाचा रस्सा खायला बसली. मॉर्टिमर कुठल्याशा खेकड्याची गोष्ट सांगत होता. व्हर्निस धुतलेले पट्टे वाळत घालत उभी होती. अर्थ लागायला फार डोकं लागलं नाही आणि लागला तेव्हा तिला तिथे उभं राहवेना. मागच्या माणसाने अंगठा मिळेपर्यंत तळ सोडायचा नाही. त्या दिवशी, सगळे दोराला लागल्यावरचा तो शेवटचा अंगठा तिने दाखवला नव्हता. आणि तेव्हापासून प्रत्येक बुडीत, मायेने, न चुकता, ती त्याला काय सांगत आली होती? ठीक आहे. चालू दे. मागे राहा.

६

शनिवारी शेवटची बुडी होती. व्हर्निसने मॉर्टिमरला पुढे घातलं.

"बढती?" तो म्हणाला. "पगारही वाढव मग."

"मिसेस ग्रिफिथचा हात सोडायचा नाही. वेळ झाली की सगळ्यांना घेऊन दोराला लागायचं. माझी वाट बघायची नाही." तिचा चेहरा बघून त्याने पुढचा विनोद गिळला.

बोट तिचे मामा चालवायचे, अंकल फिट्झ. डेन्झिलला पाण्यात पहिल्यांदा ढकलणारे तेच. तिला सिलिंडर चढवताना ते म्हणाले, "आज ताट मांडायचंय. लवकर वर ये, पोरी. तुझी आई एकटी आहे."

"येते, अंकल."

मंडळी दोराला लागली, एकामागून एक वर सरकू लागली. व्हर्निस कड्याच्या काठावर थांबली, जिथे डेन्झिल थांबायचा. तिने कडी आपटली. आपल्या श्वासाचा घरघराट नको म्हणून श्वास रोखला. दुरून कोळंब्यांचा तडतडाट येत होता, कढईत मोहरी फुटावी तसा. एकाएकी तोही थांबला.

टण्. उसंत. टण् टण्.

ते काठाच्या खालून आलं. आज दिशा होती. खोल पाण्यात डोकं हलकं होतं, नाही ते दिसतं, हे ती स्वतः पाहुण्यांना शिकवायची. पण ती इतक्या खोल नव्हती.

काठाखालच्या काळोखात आधी पिवळं काहीतरी हललं. शेजारी काळं हललं की नाही, ते काळोखात कळेना. मग त्याच्या वर एक हात आला. मनगटापर्यंतच. हातमोजा नव्हता. बोटांवर बारीक हिरवी लव होती, अंकल फिट्झच्या नांगराच्या दोरावर असते तशी, आणि ती पाण्याबरोबर डुलत होती. बुडबुडा एकही नव्हता. अंगठा आणि तर्जनी सावकाश एकमेकांजवळ आले, गंजलेली कडी वाकवावी तसे, आणि जुळले.

ठीक आहे ना?

तो तिला विचारत होता. इतकी वर्षं मागे राहून, तिलाच.

व्हर्निसचा हात उठला. तिची दोन बोटं आपोआप जवळ येऊ लागली. गोल करावा, की झालं. तो राहील. उद्या राहील, पुढच्या वर्षी राहील, कुणाचे तरी पट्टे आवळील, आणि ती वळेल तेव्हा मागे कुणीतरी असेल. घरी दगड पडून राहिला तर राहू दे. तिला भीती वाटत होती, तरीही तिला तेच हवं होतं.

मग तिला त्या हाताचा गारठा आठवला, मिसेस ग्रिफिथने सांगितलेला. तिने मूठ वळली आणि अंगठा वर केला.

तो हात तसाच राहिला. तिला वाटलं, दिसलं नसेल. तिने हात आणखी पुढे केला. तेव्हा तो गोल उलगडला, बोटं आत वळली, आणि लव चढलेला अंगठा वर उभा राहिला. त्याने वाद घातला नाही.

तिने डोळे मिटून घेतले. अंगाला अगदी लागून, खालून वर, गार पाण्याचा एक जाड पट्टा सरकत गेला. उघडले तेव्हा काठाखाली काळोखच होता, आणि कोळंब्या पुन्हा तडतडत होत्या.

७

ती शिडी धरून वर आली. मंडळी पुढच्या बाजूला टॉवेल गुंडाळून गप्पा मारत होती. अंकल फिट्झ मागे, शिडीपाशी, हात लांब करून उभे होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"तू आत्ता चढतेयस?" ते म्हणाले.

"हो."

"मग मघाशी कोण चढलं? बोट कलली. कुणीतरी शिडीवर जड पाय टाकला. मी इंजिनात डोकं घातलेलं. मी न बघताच म्हणालो, ये रे बाळा, बस." त्यांनी मागच्या फळीकडे बघितलं. डेन्झिल तिथे बसायचा. फळी ओली होती. बोटीवर सगळंच ओलं असतं. "मी कुणाला म्हणालो गं?"

व्हर्निसने त्यांचा हात हातात घेतला. परत येईपर्यंत त्या फळीवर कुणाला बसू दिलं नाही.

संध्याकाळी आईने ताट वाढलं. गोळे वळलेला भात, मक्याच्या पिठाचं कू-कू, कोंबडी, मासा. सगळं बिनमिठाचं. शेजारी पाण्याचा पेला, जॅक आयर्न रमचा घोट आणि मेणबत्ती. दगडाजवळ पांढऱ्या कापडावर ते मांडलं आणि दार ओढून घेतलं. आत कुणी जायचं नसतं.

८

उजाडलं तेव्हा ढोलवाले अंगणात येऊन कोको पीत होते. मिस आयोनाने दार उघडलं. खोली बंद होती तशीच होती. मेणबत्ती संपली होती. ताटातलं एक शीतही हललेलं नव्हतं, आणि व्हर्निसच्या मनात इतकं काही तुटलं की तिला स्वतःचंच नवल वाटलं. काय अपेक्षा होती तिची?

रीतीप्रमाणे पहिला घास घरातल्या थोरल्या बाईचा. मिस आयोनाने भाताचा घास तोंडात घातला. चावायची थांबली.

"यात मीठ कुणी घातलं?"

"कुणी नाही, मम्मी. तू स्वतः रांधलंस."

"मला मीठ कळत नाही होय?"

व्हर्निसने ताटातून घास घेतला. मग कू-कू चाखलं, मग मासा. सगळं खारट होतं. पण बरणीतलं मीठ तिला माहीत होतं, आणि हे ते नव्हतं. याला मागून येणारा एक कडवटपणा होता. रोज तोंडातली नळी काढताना ओठांवर उरतो, तो. तिला आईकडे बघवेना.

मिस आयोना कितीतरी वेळ दगडाकडे बघत उभी होती. अंगणात कुणीतरी ढोल चाचपून पाहिला. "मी नाहीच वाढलं मीठ," ती अगदी हळू म्हणाली, "तर आपलं आपण घेऊन आला मेला." ती जमिनीवर बसली. ते ताट गावातल्या पोरांना वाटायचं असतं. तिने ते मांडीवर ओढलं, दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि कुणाला एक शीतही न देता सगळं खाऊन संपवलं.